बालगंधर्वांचे चरित्र आणि चरित्रकारांचे व्याकरण

नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व यांच्याविषयी मराठीत विपुल लेखन झाले आहे. त्यांच्या सहकाऱ्यांच्या आत्मकथनांतून, वसंत शांताराम देसाई यांच्यासारख्या जाणकारांच्या ग्रंथांतून आणि स्मरणिकांतून हे लेखन विखुरलेले आहे. २०११ साली त्यांच्या जीवनावरील चित्रपट आणि अभिराम भडकमकर यांची कादंबरी ही दोन्ही लोकांपुढे आली आणि ह्या विषयाकडे नव्या पिढीचे लक्ष वेधले गेले. असे असता आणखी एका लेखाचे प्रयोजन काय, असे वाचक विचारतील. बालगंधर्वांच्या कलेचे मूल्यमापन हा प्रस्तुत लेखाचा विषय नाही. तो अधिकार संगीतज्ञांचा आहे. त्यांचे आयुष्य आपण मराठीत कसे सांगत आलो, त्या सांगण्यात कोणाला बोलू दिले आणि कोणाला गप्प बसविले, एवढाच मर्यादित प्रश्न येथे विचारार्थ घेतला आहे. प्रश्न भाषेचा आहे, म्हणून भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने त्यास हात घालणे अगदीच अप्रस्तुत ठरू नये.

ह्या प्रश्नाचे मूळ वर्गात आहे. डहाणू-तलासरी भागात अध्यापन करताना प्रस्तुत लेखकाने अनेक वर्षे ‘एकच प्याला’तील सिंधूचे बोलणे कुलीन स्त्रीच्या प्रौढ मराठीचा नमुना म्हणून विद्यार्थ्यांपुढे ठेवले. घरी वारली बोलणाऱ्या एका विद्यार्थिनीने एकदा शांतपणे विचारले, की हे लिहिले पुरुषाने, रंगभूमीवर बोलला पुरुष, तर असे बोलणारी बाई कोणी ऐकली होती काय? त्या वेळी दिलेले उत्तर समाधानकारक नव्हते. हा लेख म्हणजे त्या उत्तराची उशिरा केलेली दुरुस्ती होय.

प्रथम चरित्राचा सांगाडा ध्यानात घेऊ. २६ जून १८८८ हा नारायणरावांचा जन्मदिवस. बालपणी त्यांचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्यांना ‘बालगंधर्व’ म्हटले, अशी सर्वमान्य आख्यायिका आहे. १९०५ साली मिरजेच्या मुक्कामी ते किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले आणि शकुंतलेच्या भूमिकेत उभे राहिले. स्त्रीभूमिकांत अलौकिक कीर्ती मिळविलेले भाऊराव कोल्हटकर १९०१ साली निवर्तले होते. त्यांची रिकामी जागा ह्या तरुणाने भरून काढली. १९११ साली खाडिलकरांच्या ‘मानापमान’मधील भामिनीने त्यांना महाराष्ट्रभर नेले. १९१३ साली गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. १९१६ साली ‘स्वयंवर’मधील रुक्मिणी आणि १९१९ साली गडकऱ्यांच्या मृत्यूनंतर रंगभूमीवर आलेल्या ‘एकच प्याला’तील सिंधू ह्या त्यांच्या वैभवाच्या खुणा. जुलै १९२१ मध्ये केशवराव भोसले यांच्यासमवेत झालेला संयुक्त ‘मानापमान’ हा त्या वैभवाचा कळस मानला जातो. पुढे बोलपट आला. १९३५ साली ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’मध्ये त्यांनी संत एकनाथांची, म्हणजे पुरुषाची, भूमिका केली. १९५५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९६४ साली पद्मभूषण हे सन्मान त्यांना लाभले. अखेरची वर्षे शारीरिक विकलतेत आणि आर्थिक ओढगस्तीत गेली. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला.

ही वाटचाल इंग्लंडातील तत्कालीन संगीत-सुखात्मिकेच्या नायिकांशी ताडून पाहण्यासारखी आहे. एडवर्ड बादशहाच्या कारकीर्दीत लिली एल्सी ही लंडनच्या रंगभूमीवरील अशीच एक तारका होती. १९०७ साली ‘द मेरी विडो’ ह्या संगीत नाटकाने तिला एका रात्रीत कीर्ती दिली. दोन वर्षांहून अधिक काळ चाललेल्या त्या नाटकाचे ७७८ प्रयोग झाले. तिची छायाचित्रे पोस्टकार्डांवर छापून घरोघरी गेली आणि तिने घातलेली रुंद काठाची टोपी हा बायकांच्या वेषाचा दंडक झाला. १९११ साली विवाहानंतर ती रंगभूमीवरून बाजूस झाली. पुढे अधूनमधून परतली, पण ते दिवस आले नाहीत. इकडे बालगंधर्वांचे नऊवारी नेसणे, नथ, अंबाड्यावरील फुलांची ठेवण यांचे अनुकरण पुण्या-मुंबईच्या सुखवस्तु घरांतील स्त्रिया करीत होत्या. दोन्हीकडे नटाचे शरीर हे वेषभूषेचे पाठ्यपुस्तक झाले होते. फरक एवढाच, की लंडनच्या स्त्रिया एका स्त्रीकडे पाहून नटत होत्या आणि पुण्याच्या स्त्रिया एका पुरुषाकडे पाहून. हा फरक आपल्या चरित्रकारांनी नोंदविला आहे. परंतु चमत्कार म्हणून. तो प्रश्न म्हणून मांडलेला क्वचितच दिसतो.

आता व्याकरणाकडे वळू. मराठीत प्रथमपुरुषी वर्तमानकाळी क्रियापदही बोलणाऱ्याचे लिंग सांगते: पुरुष ‘मी जातो’ म्हणतो, स्त्री ‘मी जाते’ म्हणते. शेजारच्या गुजरातीत भूतकाळी रूपे लिंग दाखवितात, पण साध्या वर्तमानकाळात ‘हुं जाउं छुं’ हे दोघांनाही समान आहे. इंग्रजीत तर क्रियापद लिंगाच्या वाटेसच जात नाही. म्हणजे मराठी रंगभूमीवरील स्त्रीवेषधारी नटाला लुगड्याइतकेच क्रियापदही नेसावे लागत होते आणि तेही जवळजवळ प्रत्येक वाक्यात. ह्यावरून अभिनयाच्या श्रेष्ठ-कनिष्ठतेचा निर्णय काढणे धाडसाचे होईल. परंतु स्त्रीत्व हे येथे वाक्यावाक्याने घडविले जात होते, हे त्यावरून उघड होते.

ह्यापुढची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. कोल्हापूरकडील बोलीत स्त्रियाही सर्रास ‘मी आलो’, ‘मी गेलो’ असे म्हणतात, हे सर्वांस ठाऊक आहे. नारायणरावांचा नाट्यप्रवेश झाला तो ह्याच दक्षिण महाराष्ट्राच्या परिसरात. म्हणजे रंगभूमीवर पुरुष ‘आले’ म्हणत असता प्रेक्षागृहाबाहेरची बाई ‘आलो’ म्हणत होती, असा प्रसंग त्या भागात सहज घडू शकत होता. तरीही स्त्रीची अस्सल भाषा म्हणून मान्यता मिळाली ती रंगभूमीवरील रूपाला. बाईच्या तोंडचे रूप मात्र गावंढळ ठरले. नाटककार पुरुष, नट पुरुष, परीक्षक पुरुष, आणि त्यांच्या संमतीने ठरलेली भाषा मात्र स्त्रियांची! प्रमाणभाषा घडते कशी याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल. ग्रिअर्सनच्या भाषिक पाहणीचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला, हाही योगायोग लक्षणीय आहे. एकीकडे सरकारी विद्वान मराठीच्या नाना बोलींचे नमुने गोळा करून छापीत होते, आणि त्याच वर्षी मिरजेस असा एक आवाज उभा राहत होता, की ज्याच्या मोहिनीपुढे पुढील पाव शतक त्या बोलींतल्या स्त्रिया कोणाच्या ध्यानात येऊ नयेत.

येथे कोणी म्हणेल, की कलेतील स्त्री ही वास्तवातील स्त्रीची नक्कल नसते. नट पुरुष आहे हे जाणूनच प्रेक्षक रस घेत होते. हा आक्षेप योग्य आहे आणि बालगंधर्वांच्या कलेपुरता तो मान्यच करावयास हवा. मुखवटा घालून देवीचे सोंग नाचविणाऱ्या जव्हार-मोखाड्याकडील बोहाड्यातही सोंग घेणारे पुरुष असतात. त्यास कोणी फसवणूक म्हणत नाही. परंतु बोहाड्यातील देवी पाहून गावातील बाईने कसे बोलावे, कसे नेसावे, हे कोणी ठरवीत नाही. सोंग उतरले की संपते. बालगंधर्वांचे सोंग संपले नाही. ते घराघरांत शिरले आणि स्त्रीच्या सभ्यतेचे माप झाले. टीकेचा रोख ह्या मापावर आहे, नटावर नाही.

ह्याच्या उलट बाजूचे एक उदाहरण ह्याच भागात पाहावयास मिळते. वारली विवाहात देवचौक लिहिण्याचा मान सवाशिणींचा आणि विवाहविधीची गाणी म्हणून लग्न लावण्याचा अधिकार धवलेरीचा. येथे स्त्रीच्या आवाजाला कोणा पुरुषाच्या प्रतिनिधित्वाची गरज नव्हती. तिच्या आवाजावाचून विधीच पुरा होत नव्हता. १९७०च्या दशकात ही चित्रे भिंतीवरून कागदावर आली, तेव्हा डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे पुढे आले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ साली ते निवर्तले. त्यांची प्रतिभा निर्विवाद आहे आणि स्त्रियांच्या परंपरेत पुरुषाने पाऊल टाकले यात गैर काही नाही. तथापि, चौक लिहिणाऱ्या ज्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या बायका, त्यांतील किती जणींची नावे आपणांस सांगता येतील? पुण्याच्या नाट्यगृहात आणि गंजाडच्या पाड्यावर परिस्थिती अगदी भिन्न होती. तरीही चरित्र लिहिण्याजोगे आयुष्य म्हणून दोन्हीकडे आपण पुरुषाचेच निवडले. ही निवड कलेने केलेली नाही. ती चरित्र लिहिणाऱ्यांची आहे.

चरित्रलेखनातील दोन प्रसंग आता तपासून पाहू. पहिला सर्वश्रुत आहे. १२ मार्च १९११ रोजी ‘मानापमान’च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी नारायणरावांची तान्ही मुलगी मृत्यू पावली. तरीही प्रयोग रद्द न करता ते भामिनी म्हणून उभे राहिले. प्रेक्षकांना मायबाप मानणाऱ्या नटाच्या कर्तव्यनिष्ठेची ही परमावधी म्हणून हा प्रसंग सांगितला जातो. तो ऐकताना आजही मन हेलावते. परंतु ह्या कथेची वाक्यरचना पाहावी. कर्ता सदैव नट असतो. कर्म प्रयोग असतो. मुलगी ही निमित्त म्हणून येते. आणि आई? लक्ष्मीबाईंना ह्या वाक्यात कोणतीही विभक्ती लाभलेली नाही. त्या रात्री त्या घरात काय घडले, हे विचारण्याची गरज चरित्रकारांना सहसा भासली नाही. ज्या नटाने पुढे सिंधूच्या रूपाने मातेचे दुःख मराठी माणसाला शिकविले, त्याच्या चरित्रात खऱ्या मातेच्या दुःखाला एक वाक्य मिळू नये, हा विरोधाभास कोणाला खुपला नाही.

‘मायबाप’ ह्या संबोधनाचाही थोडा विचार करावयास हवा. प्रेक्षक मायबाप झाले की नट लेकरू होतो. लेकराने हिशेब ठेवावयाचा नसतो. उंची शालू, खरे जरीकाम, अत्तरे, गालिचे, उत्तमोत्तम साथीदार यांवर गंधर्व मंडळीने जो अपरिमित खर्च केला, त्याचे समर्थन ह्याच नात्याच्या भाषेत केले गेले. मायबापांस कमी प्रतीचे कसे द्यावे? ही भावना खरी होती याविषयी शंका नाही. पण नात्याच्या शब्दाने व्यवहाराचा शब्द झाकला जातो आणि चरित्रकारही त्या झाकण्यात सामील होतो.

दुसरा प्रसंग न्यायाशी निगडित आहे, म्हणून तो अधिक गंभीर आहे. गोहर कर्नाटकी ह्या तत्कालीन विजापूर जिल्ह्यातील बिळगीच्या गायिका. प्रसिद्ध पार्श्वगायिका अमीरबाई कर्नाटकी यांच्या त्या भगिनी. १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात त्या बालगंधर्वांच्या सहवासात आल्या, त्यांच्या नाटकांत भूमिका करू लागल्या आणि १९५१ साली उभयतांचा विवाह झाला. १९६४ साली गोहरबाई वारल्या. बालगंधर्वांच्या उत्तरायुष्यातील दैन्याचे खापर ह्या बाईवर फोडण्याची रीत मराठी मनात खोल रुजलेली आहे. बोलण्यात ती उघडपणे येते, लिहिण्यात सूचकतेने. नारायणरावांसाठी आदरार्थी अनेकवचन आणि गोहरबाईंसाठी एकेरी ‘ती’, हा सर्वनामांचा भेददेखील पुष्कळ सांगून जातो.

कालक्रम मात्र वेगळीच साक्ष देतो. १९२१च्या सुमारासच मंडळी मोठ्या कर्जात बुडाल्याचे उघड झाले होते. ते फेडण्यात पुढील कित्येक वर्षे गेली. १९३१ साली ‘आलम आरा’ आला, १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’, आणि त्यात दुर्गा खोट्यांसारखी सुविद्य घरातील स्त्री पडद्यावर दिसू लागली. १ जुलै १९३३ रोजी नाट्यमन्वंतरच्या ‘आंधळ्यांची शाळा’त ज्योत्स्ना भोळे आणि पद्माबाई वर्तक ह्या स्त्रियांनी स्त्रीभूमिका केल्या. हिराबाई बडोदेकर यांनी तर त्यापूर्वीच रंगभूमीवर पाऊल ठेवले होते. रात्रभर चालणारे, वन्समोअरने लांबत जाणारे नाटक आणि दोन-अडीच तासांत संपणारा बोलपट यांची स्पर्धा सुरू झाली होती. नायिकेची भूमिका करणारा पुरुष पन्नाशीकडे झुकला होता. १९३५ साली ‘धर्मात्मा’ प्रकाशित झाला तेव्हा गंधर्व मंडळीचे वैभवाचे पर्व संपलेले होते. ही सर्व कारणे गोहरबाई येण्यापूर्वीची आहेत. कारण कार्याच्या आधी असावे लागते, हा तर्कशास्त्राचा पहिला पाठ. मग कार्यानंतर आलेल्या व्यक्तीस कारण ठरविताना आपण तर्क सोडून कशाचा आधार घेतला? ती मुसलमान होती, कर्नाटकातील होती, गाणाऱ्या बायकांच्या परंपरेतून आलेली होती, आणि पुरुषाने सजविलेल्या स्त्रीच्या जागी ती खरी स्त्री म्हणून उभी राहिली होती. चौथे कारण पहिल्या तिघांइतकेच बलवत्तर असावे, असे आम्हांस वाटते. बालगंधर्वांच्या कंपनीत स्त्रीने स्त्रीचे काम करावे, ह्यात रसिकांना अपवित्र वाटण्याजोगे काय होते, याचे उत्तर आपण अद्याप दिलेले नाही.

असे का घडले, याचे एक कारण साधनांच्या स्वरूपात आहे. गणपतराव बोडसांनी ‘माझी भूमिका’ लिहिली, गोविंदराव टेंब्यांनी आपला संगीतव्यासंग सांगितला. म्हणजे गंधर्व मंडळीच्या तीन संस्थापकांपैकी दोघे स्वतः बोलले. ज्याच्यासाठी हे सारे, तो मात्र सहकाऱ्यांच्या कथनांतूनच आपणांपुढे येतो. सीमेपलीकडचे चित्र निराळे आहे. बालगंधर्वांहून अवघ्या सात महिन्यांनी लहान असलेले जयशंकर भोजक १९०१ साली मुंबईच्या गुजराती रंगभूमीवर ‘सौभाग्य सुंदरी’त गाजले आणि जन्मभर ‘जयशंकर सुंदरी’ ह्याच नावाने ओळखले गेले. त्यांनी ‘थोडां आंसु, थोडां फूल’ हे आत्मचरित्र ठेवले आहे. स्त्रीवेष प्रथम चढविताना काय वाटले, हे सांगणारा नटाचा स्वतःचा आवाज गुजरातीला लाभला. मराठीला तो लाभला नाही.

नावांचा भेदही लक्षात घ्यावा. गुजराती प्रेक्षकाने आपल्या नटाला त्याच्या भूमिकेचे, स्त्रीचे, नाव दिले आणि ते त्याने अभिमानाने मिरविले. मराठी प्रेक्षकाने आपल्या नटाला दिव्य गायकाचे, आणि तेही बालकाचे, नाव दिले. भामिनी, रुक्मिणी, सिंधू यांपैकी एकीचेही नाव त्यास चिकटले नाही. आपण त्याचा आवाज मान्य केला. ज्या स्त्रीच्या रूपाने तो आवाज आला, तिला नावात जागा दिली नाही. एकोणऐंशी वर्षांचा, पाय निकामी झालेला वृद्ध मृत्यूच्या दिवशीही आपल्या लेखी ‘बाल’च राहिला. बालकावर जबाबदारी नसते. म्हणून ती जवळच्या स्त्रीवर टाकणे सोपे गेले. नावातील एका अक्षरजोडीने चरित्राची नैतिक बाजू कशी झुकते, याचे हे प्रत्यंतर आहे.

डहाणू-तलासरीतून हा भेद अधिक स्पष्ट दिसतो. १९६० साली राज्ये वेगळी झाली आणि उंबरगाव गुजरातेत गेले. पण बाजार, लग्ने आणि बोली त्या रेषेला फारशी जुमानीत नाहीत. येथल्या घरांत वारली, गुजराती आणि मराठी एकाच दिवसात बोलल्या जातात. एकाच प्रकारच्या दोन नटांची दोन भाषांनी कशी दोन प्रकारची चरित्रे घडविली, हे अशा ठिकाणी बसून जेवढे जाणवते, तेवढे पुण्यात बसून जाणवण्याचा संभव कमी. शिवाय याच भागाने मराठीला चरित्रलेखनाचा दुसरा एक धडा दिला आहे. १९४५ साली तलासरीजवळच्या झरीत वारल्यांच्या लढ्याचे रणशिंग फुंकले गेले. त्या लढ्याची हकीकत गोदावरी परुळेकरांनी १९७० साली ‘जेव्हा माणूस जागा होतो’ ह्या ग्रंथात लिहिली. पुण्यात वाढलेली ही लेखिका वेठीने पिचलेल्या माणसांना तेथे स्वतः बोलू देते, आणि आपल्यास जे प्रथम कळले नाही तेही प्रांजळपणे नोंदविते. चरित्रनायकाच्या भक्तीत बुडालेल्या आमच्या नाट्यचरित्रांनी हा प्रांजळपणा घ्यावा, एवढीच अपेक्षा आहे.

सारांश, बालगंधर्वांच्या थोरवीस ह्या विवेचनाने कोणताही बाध येत नाही. त्यांच्या ध्वनिमुद्रिका आहेत; ज्याला कान आहेत त्याने ऐकाव्यात. पुण्यातील ज्या रंगमंदिराचे भूमिपूजन त्यांनी स्वतः १९६२ साली केले आणि जे त्यांच्या मृत्यूनंतर, २६ जून १९६८ रोजी खुले झाले, ते त्यांचे नाव घेऊन उभे आहे. प्रश्न आहे तो पुढील चरित्रकाराचा. त्याने लक्ष्मीबाईंना वाक्यात कर्तेपद द्यावे, गोहरबाईंना आदरार्थी बहुवचन द्यावे आणि कर्जाला कर्ज म्हणावे. असे केल्याने नायक लहान होणार नाही. तो वयात येईल.

राहता राहिला त्या विद्यार्थिनीचा प्रश्न. सिंधूचे भाषण आजही आम्ही वर्गात वाचतो. गडकऱ्यांची भाषा टाकून देण्याजोगी नाहीच. मात्र आता तो स्त्रीच्या मराठीचा नमुना म्हणून न वाचता, पुरुषांनी कल्पिलेल्या आणि एका असामान्य पुरुषाने सजीव केलेल्या स्त्रीच्या मराठीचा नमुना म्हणून वाचतो. आणि त्याच तासाला एखादी मुलगी आपल्या आजीच्या तोंडचे लग्नगीत म्हणून दाखविते. त्यातील क्रियापदांची रूपे फळ्यावर लिहिताना पूर्वी आमचा हात दुरुस्तीसाठी शिवशिवत असे. आता ती जशीच्या तशी लिहून घेतो.